क्षीराची बाहुली आणि जिवतीचे दूध : एका बंगाली अद्भुतकथेच्या उगमाचा विचार

१

बालवाङ्मयातील एखाद्या अभिजात कृतीच्या उगमाचा शोध घेताना समीक्षेपुढे दोन सोपे मार्ग असतात. ती कृती एका प्रतिभावंताची निर्मिती मानून लोकपरंपरेला केवळ 'कच्चा माल' ठरवायचे, हा पहिला. तिला लोकपरंपरेचा एक लिखित अवतार मानून लेखकाला केवळ 'संकलक' ठरवायचे, हा दुसरा. दोन्ही मार्गांनी गेले असता एक गोष्ट निसटते. ती म्हणजे परंपरा आणि कृती यांच्यामधला तो क्षण, ज्या क्षणी गोष्टीचे प्रयोजनच बदलते. अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या 'क्षीरेर पुतुल' (१८९६) या कथेच्या संदर्भात हा क्षण नेमका कोणता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा शोध मराठी वाचकाच्या जागेवरून घ्यायचा असल्यामुळे त्यासाठी श्रावणातील शुक्रवारी आपल्याकडे सांगितली जाणारी जिवतीची कहाणी शेजारी ठेवली आहे. या दोन संहितांचे नाते ऐतिहासिक उसनवारीचे आहे असा दावा येथे नाही. एकाच श्रद्धाविश्वातून दोन भाषांमध्ये दोन निराळ्या गोष्टी कशा सिद्ध झाल्या आणि त्यांपैकी एकच बालवाङ्मय का ठरली, हा येथील प्रश्न आहे.

या प्रश्नाला वर्धेच्या संदर्भात एक स्थानिक धारही आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली. त्यानंतर १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम हे नई तालीमचे केंद्र बनले. या कार्याची धुरा ज्यांनी वाहिली ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी हे दोघेही शांतिनिकेतनातून वर्धेत आलेले होते. बंगालमधील ज्या परिसरात मुलांच्या गोष्टीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली, त्या परिसराशी नाते असलेली माणसे हातांच्या कामावर आधारलेल्या शिक्षणाचा प्रयोग येथे करीत होती. अशा शिक्षणात अद्भुताला कोणते स्थान असावे, हा प्रश्न वर्धेत बसून 'क्षीरेर पुतुल' वाचणाऱ्याला टाळता येत नाही. लेखाच्या अखेरीस त्याकडे वळू.

२

प्रथम कथेचा सांगाडा पाहू. एका राजाला दोन राण्या आहेत, सुओरानी आणि दुओरानी. ही विशेषनामे नव्हेत. 'सुभगा' आणि 'दुर्भगा' या संस्कृत शब्दांची ही बंगाली रूपे असून मराठी कहाण्यांतील 'आवडती' आणि 'नावडती' यांच्याशी ती तंतोतंत जुळतात. राजा परदेशी निघतो आणि दोघींना विचारतो, काय आणू? आवडती दागिने आणि वस्त्रे मागते. नावडती मागते ते एक माकड. राजाने आणलेले दागिने आवडतीला होत नाहीत, वस्त्र अंगाला येत नाही. नावडतीला मिळालेले माकड मात्र तिचा मुलगा होते. तेच राजाला सांगते की नावडतीला दिवस गेले आहेत. या एका बातमीने तिचे दैन्य फिटते. मग मुलगा झाल्याची बातमी येते, पण त्याचे लग्न होईपर्यंत राजाने त्याचे तोंड पाहायचे नाही अशी अट असते. लग्नाची वेळ येते तेव्हा माकड क्षीराचा एक पुतळा करवून घेते, त्याला नवरदेवाच्या वेषात पालखीत बसवते आणि वरात निघते. वाटेत षष्ठीचे स्थान लागते. भुकेलेली षष्ठीदेवी वऱ्हाडाला झोप लावते आणि तो पुतळा खाऊन टाकते. माकड तिला चोरी करताना पकडते आणि भरपाई म्हणून खरा मुलगा मागते. देवी त्याला दिव्य दृष्टी देते. त्याला मुलांचा देश दिसतो, बंगाली बडबडगीतांतील माणसे, पशुपक्षी, नद्या आणि गावे यांनी भरलेला. तेथून माकड एक मुलगा निवडते. खोट्या वराच्या जागी खरा वर बसतो, लग्न लागते, आवडती मत्सराने मरते.

या सारांशातही कथेचे तीन थर वेगळे दिसतात. सवती राण्यांचे कथासूत्र हा पहिला, षष्ठीव्रताचे श्रद्धाविश्व हा दुसरा आणि 'छडा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बडबडगीतांचे जग हा तिसरा. तिसऱ्या थराचा संदर्भ तत्कालीन आहे. १८९० नंतरच्या दशकात रवींद्रनाथ ही गीते गोळा करीत होते आणि त्यांवर लिहीत होते. ते लेखन पुढे 'लोकसाहित्य' (१९०७) या पुस्तकात आले. पुतण्याच्या कथेत काकांचा संग्रह जिवंत होऊन चालू लागतो, असे म्हणता येईल. 'क्षीरेर पुतुल' प्रसिद्ध झाली तीही रवींद्रनाथांच्या प्रेरणेने निघालेल्या 'बाल्यग्रंथावली' या मालेत. या मालेतील अवनींद्रनाथांचे पहिले पुस्तक 'शकुंतला'. त्या वेळी काकांनी त्यांना दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे : तोंडी जशी सांगतोस तशीच लिही. पंचवीस वर्षांच्या या चित्रकाराची गद्यशैली त्या सल्ल्यातून घडली. छोटी वाक्ये, पुनरुक्तीची लय, वस्तूंच्या याद्या आणि रंगांची नावे ही तिची वैशिष्ट्ये आहेत.

परंतु ही गोष्ट त्यांना मिळाली कोठून? ठाकूर घराण्याच्या आठवणींतून मिळणारे उत्तर असे की ती रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांच्या वहीत होती. पतीच्या सांगण्यावरून त्या रूपकथा जमवीत असत, त्या वहीतून ही कथा अवनींद्रनाथांनी उचलली. मृणालिनीदेवी खुलना भागातून आलेल्या, १८८३ साली लहान वयात ठाकूरवाड्यात सून म्हणून प्रवेश केलेल्या आणि १९०२ साली निवर्तलेल्या. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद होते ती पत्नी म्हणून, फार तर पत्रांची प्राप्तकर्ती म्हणून.

३

येथे थांबून 'अनामिकता' या संकल्पनेचा विचार करणे आवश्यक आहे. लोककथेला कर्ता नसतो असे आपण सहज म्हणतो. पण अनामिकतेचे किमान दोन प्रकार मानावे लागतील. एक अनामिकता वाङ्मयप्रकाराची असते. जिवतीची कहाणी सांगणारी बाई ती आपली म्हणून सांगत नाही. ती ऐकलेली असते आणि ऐकलेली आहे म्हणूनच फलदायी असते. कर्त्याचे नाव तेथे असते तर कहाणीचे सामर्थ्य उणावले असते. दुसरी अनामिकता मुद्रणाची असते. वही ही तोंडी परंपरा आणि छापील पुस्तक यांच्यामधली वस्तू आहे. तिच्यात निवड आहे, शब्दांकन आहे, म्हणजे कर्तृत्वाचा आरंभ आहे. मुद्रणाने मान्यता दिली ती वहीच्या पुढच्या पायरीला. मागची पायरी 'परंपरा' या सामान्यनामात विरघळली. मृणालिनीदेवींची अनामिकता या दुसऱ्या प्रकारची आहे आणि ती पहिल्या प्रकारची असल्यासारखी सांगितली जाते. घोटाळा येथे आहे.

या संदर्भात आपल्याकडचे एक उदाहरण उद्बोधक ठरते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने 'ओल्ड डेक्कन डेज' हा कथासंग्रह १८६८ साली प्रसिद्ध केला. त्यातील कथा तिला सांगितल्या अॅना लिबरेटा डिसूझा या आयेने, आणि अॅनाने त्या ऐकल्या होत्या आपल्या आजीकडून. त्या पुस्तकात सांगणारीचे नाव आहे, तिचे स्वतःचे जीवनकथनही आहे. सत्तासंबंध अत्यंत विषम असताना नाव राहिले आणि एकाच घरातील, एकाच वर्गातील दोन व्यक्तींमध्ये ते पुसट झाले, हा विरोधाभास सहज दुर्लक्षिण्यासारखा नाही. वसाहतकालीन संग्राहकाला कथनाच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून 'सांगणारी' हवी होती. राष्ट्रीय बालवाङ्मय घडवणाऱ्याला मात्र 'परंपरा' हवी होती, आणि परंपरेला एका बाईचे नाव असून चालत नाही. १९०७ साली दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांचा 'ठाकुरमार झुली' हा संग्रह रवींद्रनाथांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, तेव्हा हीच प्रक्रिया पूर्णत्वाला गेली. स्वदेशीच्या त्या वातावरणात आजीची झोळी ही देशी वस्तू ठरली. पण 'आजी' हे येथे एक प्रतीक आहे, कोणी एक बाई नव्हे.

४

आता जिवतीची कहाणी पाहू. येथेही राजा आहे, आणि निपुत्रिक राणी आहे. तिने सुइणीशी संधान बांधले आहे. पोटावर लुगड्याच्या घड्या बांधून ती गर्भारपणाचे सोंग करते. गावातील एका ब्राह्मणीला मुलगा होतो. सुईण तो चोरून राणीकडे पोचवते आणि ब्राह्मणीच्या कुशीत वरवंटा ठेवते. ब्राह्मणी श्रावणातले शुक्रवार धरते आणि जेथे आपले मूल असेल तेथे ते सुखरूप असो अशा भावनेने दाही दिशांना अक्षता टाकते. त्या मुलाच्या डोक्यावर पडतात. ती हिरवे लुगडे नेसत नाही, हिरव्या बांगड्या भरत नाही, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, तांदळाचे धुण ओलांडत नाही. मुलगा राजा होतो. वासरू आपल्या आईशी बोलते तेव्हा त्याला आपल्या जन्माविषयी पहिली शंका येते. काशीच्या वाटेवर तो एका घरी उतरतो. त्या घरची मुले जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी दगावत असतात. रात्री सटवी येते तेव्हा हा दारात निजलेला असतो. जिवती तिला त्याला ओलांडू देत नाही. परतल्यावर राजा गावजेवण घालतो. आपले सारे नेम पाळून ब्राह्मणी पंगतीला येते. राजा वाढू लागतो तोच तिला पान्हा फुटतो आणि दुधाची धार थेट त्याच्या तोंडात जाते.

दोन्ही कथांचा पाया एकच आहे. स्त्रीचे घरातील स्थान मुलावर अवलंबून आहे, मूल नाही म्हणून मुलाचे सोंग उभे करावे लागते, आणि त्या सोंगाचा निकाल बालरक्षक देवतेच्या दारात लागतो. देवताही एकाच कुळातल्या आहेत. 'सटवी', 'सटवाई' हे षष्ठीचेच मराठी रूप. बाळाच्या जन्मानंतर पाचवी-सहावीच्या रात्री ती येते आणि कपाळावर लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत आहे. जिवतीच्या कागदावर नृसिंह, कालियामर्दन आणि बुध-बृहस्पती यांच्यासह मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका असतात. यांतील जरा म्हणजे महाभारताच्या सभापर्वातील राक्षसी, जिने जरासंधाची दोन शकले जोडली. भिंतीवर मुलांसह आपले चित्र काढणाऱ्या घराची भरभराट होते असे तीच तेथे सांगते. मुले खाणारी आणि मुले राखणारी ही एकच देवता, हे या श्रद्धाविश्वाचे मूळ सूत्र आहे. महाराष्ट्रात त्याचा दृश्य पुरावा अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. तेथील हारीती मुळात बालभक्षक यक्षिणी. तिचेच मूल बुद्धाने लपवले आणि तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले. त्यानंतर ती मुलांची पालक झाली.

या पार्श्वभूमीवर 'क्षीरेर पुतुल'मधील षष्ठीने पुतळा खाणे हा केवळ विनोदी प्रसंग राहत नाही. देवीच्या जुन्या, भयावह भक्षकरूपाचे ते बालसुलभ रूपांतर आहे. तिने खाल्ले ते मूलच, पण गोड पदार्थाचे मूल. तिच्या हातून झाली ती हत्या नव्हे, घरातल्या मांजरासारखी चोरी. मांजर हेच तर षष्ठीचे वाहन. भयाचे रूपांतर खाऊत झाले आहे.

परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. जिवतीच्या कहाणीत सोंग करते ती सत्तावान स्त्री. सोंगाची झळ पोचते ती दुबळ्या स्त्रीला आणि तिचे सत्य शेवटी तिच्या शरीरातून प्रकट होते. दूध खोटे बोलत नाही, हे त्या कथेचे प्रमाणशास्त्र आहे. 'क्षीरेर पुतुल'मध्ये सोंग केले जाते ते दुबळ्या स्त्रीच्या वतीने, आणि सत्य प्रकट होत नाही तर घडवले जाते. तेथेही दूधच आहे, पण आटवलेले, साच्यात घातलेले, माणसाच्या हाताने आकार दिलेले. एका कथेत दूध हा मातृत्वाचा पुरावा आहे, तर दुसऱ्या कथेत ते मातृत्वाच्या इच्छेचे माध्यम आहे.

भाषांतरकाराची अडचणही येथेच उद्भवते. बंगालीतील 'क्षीर' म्हणजे आटवून घट्ट केलेले दूध. मराठीतील पातळ खिरीचा पुतळा होऊ शकत नाही, म्हणून 'खिरीची बाहुली' हे शब्दशः जवळचे भाषांतर कथेलाच अशक्य करून टाकते. 'खवा' हा शब्द वस्तूच्या जवळ जातो, पण त्यात क्षीराचे दूधपण उरत नाही. शिवाय 'पुतुल' येथे नवरदेव आहे, तेव्हा तो बाहुला आहे. 'खव्याचा बाहुला' हे अचूक, पण रुक्ष. शीर्षकात आम्ही 'क्षीराची बाहुली' ठेवले ते शब्दाच्या सवयीपोटी. कथेत मात्र बाहुल्याचे पुरुषपण महत्त्वाचे आहे. मुलगाच हवा, या सामाजिक सक्तीचाच तो पुतळा आहे.

५

या भेदाचे स्पष्टीकरण कसे करायचे? नीतिवादी समीक्षा म्हणेल की 'क्षीरेर पुतुल'मध्ये खोटेपणाला बक्षीस मिळते. मुलांच्या हाती ही कथा का द्यावी, असा प्रश्न मराठीत विचारला गेला असता तर आश्चर्य वाटले नसते. रूपवादी समीक्षा व्लादिमिर प्रॉपच्या 'लोककथेचे रूपविज्ञान' (१९२८) या ग्रंथाचा आधार घेऊन म्हणेल की षष्ठी ही 'दाता' आहे. पण प्रॉपच्या मांडणीत नायकाने बहुधा दात्याची परीक्षा उतरायची असते. येथे परीक्षा होते ती दात्याची, आणि तो अनुत्तीर्ण होतो. या दोन्ही स्पष्टीकरणांपेक्षा समाधानकारक सूत्र स्वतः अवनींद्रनाथांनीच पुढे दिले आहे, या कथेविषयी बोलताना नव्हे तर व्रतांविषयी लिहिताना.

'बांग्लार व्रत' (१९१९) या पुस्तकात त्यांनी शास्त्रीय व्रत आणि बायकांचे व्रत असा भेद केला. बायकांच्या व्रतात पुरोहिताला आणि मंत्राला गौण स्थान आहे. तेथे मुख्य आहे ती कामना. ही कामना तीन वाटांनी व्यक्त होते : आलपनेत तिचे चित्र काढले जाते, छड्यात तिचे शब्द होतात, आणि क्रियेत तिचे नाट्य होते. पाऊस हवा तर पावसाची अनुकृती करायची, धान्य हवे तर कणग्या रेखायच्या. हवी असलेली वस्तू आधी करून दाखवायची, मग ती येते, असे हे तर्कशास्त्र आहे. हे पुस्तक 'क्षीरेर पुतुल'नंतर तेवीस वर्षांनी आले असले तरी कथेतील माकडाची कृती त्याच तर्काने चाललेली आहे. माकड खोटे बोलत नाही, ते व्रत करते. दुओरानीला मूल हवे आहे, म्हणून ते मुलाची अनुकृती करवते. षष्ठीच्या स्थानी ती नेली जाते. देवी ती भक्षण करते, म्हणजे नैवेद्य स्वीकारते. आणि छड्यांच्या जगातून खरे मूल येते. आलपना, छडा आणि क्रिया हे तिन्ही घटक येथे आहेत. फक्त आलपनेच्या जागी पुतळा आला आहे.

मग व्रतकथा आणि ही अद्भुतकथा यांत फरक उरतो तो कोणता? आमच्या मते तो देवतेशी असलेल्या नात्यात आहे. व्रतकथेत देवी देते, कारण भक्त नेम पाळतो, आणि ऐकणारा त्या नेमांशी बांधला जातो. कहाणी 'सुफळ संपूर्ण' होते ती गोष्टीत नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या घरात. 'क्षीरेर पुतुल'मध्ये देवी देते, कारण ती पकडली जाते. चोरी करणारी, लाजणारी, 'कोणाला सांगू नकोस' म्हणणारी देवी ही उपास्य देवता राहिलेली नाही, ती गोष्टीतले पात्र झाली आहे. हाच तो क्षण, ज्याचा शोध आपण आरंभी घेऊ म्हटले होते. श्रद्धेचे रूपांतर खेळात होते आणि कहाणी फलश्रुतीच्या जबाबदारीतून मोकळी होते. ही मुक्तता मात्र श्रद्धेची टर उडवून मिळवलेली नाही. व्रताचे तर्कशास्त्र अबाधित ठेवून केवळ त्याची सक्ती काढून घेतलेली आहे.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. खेळ झाला म्हणून कथेतील दुःख खेळकर होत नाही. दुओरानीचा शोष तिला मूल होईल या अफवेनेच थांबतो, तिच्या गुणांनी नव्हे. ज्या बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांना बहुपत्नीत्वाच्या विरोधात १८७१ आणि १८७३ साली पुस्तके लिहावी लागली, त्या बंगालमध्ये सुओ-दुओ ही केवळ परीकथेतील पात्रे नव्हती. वहीत ही गोष्ट उतरवणारी स्त्री आणि ती गोष्ट लिहिणारा तरुण चित्रकार यांच्या वाचनात हे वास्तव सारख्याच वजनाने आले असेल असे मानण्याचे कारण नाही. कथेच्या पहिल्या भागातील दुओरानीची मोडकी खोली, तिच्या फाटक्या वस्त्रांचे आणि शिळ्या अन्नाचे तपशील हे घरात राहून, आतून पाहिलेल्या जगाचे आहेत. उत्तरार्धातील वरात आणि छड्यांचा देश हे चित्रकाराच्या डोळ्याचे आहेत. कथा या दोन दृष्टींच्या जोडणीतून उभी राहते, आणि तिची ताकदही त्या जोडणीत आहे. म्हणूनच 'कर्ता कोण?' या प्रश्नाला एकवचनी उत्तर देणे अन्यायाचेच नव्हे, वाङ्मयीन दृष्ट्या चुकीचेही ठरते.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत जिवतीची कहाणी होती, आवडती-नावडती होत्या, शिवामुठीच्या कहाणीतील नावडती सून होती, आणि विदर्भात तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मांडली जाणारी भुलाबाई होती. भुलाबाईत व्रताचे तिन्ही घटक आहेत : मातीच्या मूर्ती, साखळीने लांबत जाणारी आणि अर्थाला हुलकावणी देणारी गाणी, आणि डब्यात लपवलेली खिरापत ओळखण्याचा खेळ. मुलींच्या या उत्सवात देवता आधीच अर्धी खेळातली झालेली आहे. वर्धेसारख्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला 'क्षीरेर पुतुल'मधील छड्यांचा देश परका वाटू नये. असे असून या सामग्रीतून मराठीत अभिजात अद्भुतकथा का घडली नाही?

याचे एक कारण आपल्या मुद्रित बालवाङ्मयाच्या इतिहासात आहे. योगायोगाने त्याचा एक धागाही बंगालमध्येच आहे. 'सिंहासनबत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) ही आरंभीची मराठी गद्यपुस्तके विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली गेली. तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापनीतीचे मराठी रूप १८०६ साली आले. म्हणजे मराठी मुलाच्या हाती आलेली पहिली छापील गोष्ट ही संस्कृतातून वा इंग्रजीतून आलेली, बोधासाठी निवडलेली गोष्ट होती. घरात सांगितली जाणारी गोष्ट व्रतपोथीत राहिली, आणि शाळेत शिकवली जाणारी गोष्ट क्रमिक पुस्तकात. दोघींची भेट झाली नाही. वा. गो. आपटे यांचे उदाहरण लक्षणीय आहे. १९०६ साली 'आनंद' हे मुलांचे मासिक सुरू करणारे आपटे हेच बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवादक होते. बंगालीशी इतका जवळचा परिचय असलेला मराठी बालवाङ्मयाचा एक आद्य शिल्पकार बंगालीतून घेतो तो कादंबरीचा इतिहास आणि राष्ट्रभाव. आजीची झोळी घेत नाही. हा दोष एका व्यक्तीचा नव्हे. बंगालीकडे आपण प्रौढांच्या वाङ्मयाचे आगर म्हणून पाहिले, हे त्या काळाच्या अभिरुचीचे लक्षण आहे.

दुसरे कारण आपल्या सुधारणावादी विचारात आहे. कहाणी ही एकीकडे धार्मिकांनी फलश्रुतीसाठी जपली आणि दुसरीकडे सुधारकांनी अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारली. दोघांनीही ती वाङ्मय म्हणून वाचली नाही. दुर्गा भागवत यांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) पासून लोकसाहित्याच्या अभ्यासाने ही त्रुटी पुष्कळ भरून काढली हे खरे. पण तो अभ्यास संशोधकांसाठी झाला. त्याचा परिणाम बालवाङ्मयाच्या निर्मितीवर व्हावा तितका झाला नाही. बालवाङ्मयाची आपली समीक्षा अजूनही 'संस्कार' आणि 'मनोरंजन' या दोन खुंट्यांना बांधलेली आहे. 'क्षीरेर पुतुल'सारखी कथा या दोहोंतही बसत नाही. ती संस्कार करीत नाही, कारण तिच्यात लबाडी फळते. आणि ती निव्वळ रंजनही करीत नाही, कारण तिच्या मुळाशी निपुत्रिक, नाकारलेल्या स्त्रीचे दुःख आहे.

आणि आता सेवाग्रामचा प्रश्न. बालशिक्षणातील अद्भुताविषयी आपल्याकडे मतभेद होतेच. माँटेसरीपद्धतीत परीकथेविषयी सावध दृष्टी होती. ती पद्धत येथे रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी मात्र कथाकथनाचे शास्त्रच लिहिले, आणि ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासह काम केले. हातांच्या कामावर उभ्या असलेल्या शिक्षणाला अद्भुत परके, असे समीकरण वरवर सोपे वाटते. काम म्हणजे वास्तव आणि अद्भुत म्हणजे पलायन, अशी ती मांडणी आहे. 'क्षीरेर पुतुल' या समीकरणालाच छेद देते. या कथेतील अद्भुत मंत्राने वा वराने अवतरत नाही. कोणीतरी दूध आटवते, कोणीतरी त्याला आकार देते, कोणीतरी त्याला मुंडावळ्या बांधते, आणि त्या हातांनी केलेल्या वस्तूच्या बदल्यात खरे जग काही देणे लागते. बायकांच्या व्रताचे हेच मर्म आहे. इच्छा असेल ते आधी हाताने करून दाखवायचे. ज्या श्रद्धाविश्वात पीठ, माती, रांगोळी आणि दूध हीच कल्पनेची साधने होती, तेथे श्रम आणि कल्पना यांची फारकत झालेली नव्हती. ती झाली पुढे, क्रमिक पुस्तकात.

जिवतीची कहाणी पुन्हा लिहायला हवी, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. व्रतकथेला बळेच बालकथा केले तर बहुधा दोन्ही हातच्या जातात. निष्कर्ष असा की आपल्या बालवाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ १८०६ वा १८१४ पासून करण्याची सवय तपासून पाहिली पाहिजे. जी गोष्ट शुक्रवारी दुपारी, हातात अक्षता घेऊन, मांडीवर मूल असताना सांगितली गेली, ती ऐकणारे मूल हे त्या गोष्टीचे वाचकच होते. त्या सांगणाऱ्या बायांच्या वह्या आपल्याकडे आल्या नाहीत. बंगालमध्ये एक आली, आणि तिच्यावर दुसऱ्याचे नाव लागले. तरीही ती आली म्हणून 'क्षीरेर पुतुल' शक्य झाली. उगमाचा शोध घ्यायचा तो एवढ्यासाठी : वही कोणाची होती हे एकदा कळले की पुस्तक निराळे वाचता येते.